साखराबाईचा रोजाचा जावई

गेल्या धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे तीन वर्षांमागं, मंठ्याच्या बाजारात एक कुजबुज निघाली आणि पोळा होऊन गेला तरी फिरत राहिली. साखराबाईनं फुकटच्या साडीपायी जावई रोजानं आणला, अशी. खुरपायला बाई सांगावी, कडबा बांधायला गडी सांगावा, तसा दिवसाच्या मजुरीवर जावई सांगितला म्हणे. बसस्टँडवर पैसे देताना पाहणारे एकदोन नाही, तिघं होते. चहाच्या हॉटेलात तर कुणी दरपत्रकही करून टाकलं: नुसता उभा राहणारा जावई तीनशे, सासूच्या पाया पडणारा पाचशे, आणि डोळ्यांत पाणी आणणारा पाहिजे असेल तर जेवण वेगळं.

असल्या गोष्टी मला आवडतात, खोटं कशाला बोलू. दोन ठिकाणी ती मी स्वतः सांगितली, आणि तिसऱ्या ठिकाणी माझ्याकडं परत आली तेव्हा तिला चांगलं हातभर शेपूट फुटलेलं होतं. पण ज्या बाईबद्दल हे चाललं होतं ती कोण, हे माहीत नसेल तर त्यातली गंमत कळायची नाही.

साखराबाई साठीची. मंठ्यापासून सहा किलोमीटरवर धनगरांची वस्ती आहे, तिथं तिचं घर. नवरा म्हस्कू. त्याच्या बापाची दीडशे मेंढरं होती, म्हस्कूकडं अकरा शेळ्या उरल्यात. म्हस्कू बोलत नाही. मुका नाही हो, चाळीस वर्षांत त्याची पाळीच आलेली नाही. साखराबाईचा आवाज असा की ती वस्तीवर सुनेला हाक मारते आणि सडकेवरचा टेम्पोवाला ब्रेक मारतो.

बाई मुकादम आहे. हाताखाली बावीस बायांची टोळी. खुरपणी, कापूस वेचणी आणि पाऊस सरता सरता बियाण्याच्या प्लॉटमधलं क्रॉसिंग, म्हणजे कपाशीच्या नराचं फूल तोडून एकेका मादीफुलाला लावत फिरायचं. तालुक्यातल्या सगळ्या भटजींनी मिळून लावली नसतील एवढी लग्नं साखराबाईनं एका हंगामात लावलीत, आणि अजून एकाही नवरीचा बाप तक्रार घेऊन आलेला नाही.

तिचा कायदा एकच. ज्यानं बोलावलं, त्यानं रोज भरायचा. काम होवो न होवो. एका बागायतदारानं टोळी सकाळी सातला बांधावर उभी केली आणि आठला आभाळ फाटलं. तो म्हणाला, "काम कुठं झालं? रोज कशाचा?" साखराबाई बावीस बायांना घेऊन त्याच्याच ओसरीवर जाऊन बसली. "आमी तर कामावरच हावोत, मालक. पाऊस तुमचा, रान तुमचं." त्या बावीसांत सहा गाणाऱ्या. दुपारी दोनला मालकाच्या बायकोनंच पैसे आणून हातावर ठेवले आणि वर चहा पाजून वाटेला लावलं. निवडणुकीत एक कार्यकर्ता सभेला बाया मागायला आला, तेव्हा हिनं रोज सांगितला. तो म्हणाला, "मावशी, नुसतं बसायचंय." ही म्हणाली, "बसायचा रोज झाला. टाळ्यांचं उक्तं वेगळं ठरवा." तो कार्यकर्ता पुढं मोठा माणूस झाला, पण वस्तीकडची सडक टाळतो.

अशी ही बाई. आता दुकानदार.

ओमप्रकाशशेठ म्हणजे मंठ्यातलं तीन पिढ्यांचं कापडाचं घराणं. बापाचं दुकान एका गाळ्याचं होतं, ह्यानं अक्षय्य तृतीयेला तीन मजली उभं केलं. काचा, एसी, लिफ्ट. लिफ्टमध्ये बसायला येणारं गिऱ्हाईक कापड घेणाऱ्यापेक्षा जास्त, ते सोडा. माणूस वाईट नाही. फक्त हसताना त्याचा एक डोळा हसतो आणि दुसरा गल्ल्याकडं असतो. त्याची बायको बेबीनंदा वडीगोद्रीची. आणि साखराबाईचंही माहेर वडीगोद्री. बेबीनंदाचा बाप तिला राखीचा भाऊ होता. जात वेगळी, घर वेगळं, पण एका गावच्या लेकी. आपल्याकडं गावाचं नातं कसं असतं ते मी सांगायला नको: गावच्या लेकीचा नवरा तो अख्ख्या गावचा जावई.

हे नातं ओमप्रकाशला कुणी शिकवायची गरज नव्हती. उद्घाटनाला त्यानं दोन जीप पाठवून वडीगोद्रीच्या बाया उचलून आणल्या. "मी तुमच्या गावचा जावई, पहिली खरेदी सासवांच्या हातची पाहिजे." साखराबाईलाही खास निरोप गेला. तिनं त्याला टॉवेल-टोपी केली. त्यानं वाकून पाया पडून "आत्या, आशीर्वाद द्या" म्हटलं, आणि त्या घटकेचा फोटो मोठा करून जिन्यापाशी लावला. टॉवेल-टोपी ती समोरच्या दुकानातून घेऊन आली होती, पण तेवढं फोटोत दिसत नव्हतं.

मग तीन महिन्यांनी धोंडा आला. अधिक श्रावण. लेकजावयाला लक्ष्मीनारायण म्हणून जेवू घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, पोशाख करायचा. ओमप्रकाशनं बाजारपट्टीत रस्ता अडेल एवढा बोर्ड लावला:

"धोंड्याची धमाल! जावयाला पूर्ण पोशाख घ्या, लेकीला साडी फुकट न्या! सासू, लेक, जावई तिघं हजर पाहिजेत. तिघांची नावं माईकवर पुकारली जातील."

हा माईक म्हणजे त्याची खरी अक्कल. कर्णा दुकानावर, आवाज बसस्टँडपर्यंत. कुणाच्या लेकीचं नाव बाजारभर पुकारलं जातंय म्हटल्यावर कोण सासू घरी बसेल? पहिल्याच दिवशी लिफ्ट बंद पडली.

पण आपली माणसं. बोर्डावर "जावई" लिहिलंय म्हटल्यावर आपल्या माणसांनी जावई काढले. चुलत जावई, मावस जावई, भाडेकरूचा जावई. गल्लीतली पोरगी ती आपली लेक, तिचा नवरा तो आपला जावई. कुणाला यात लबाडी वाटलीच नाही, कारण लग्नाकार्यात आपण तसंच म्हणतो की! कल्याण रिक्षावाला दोन दिवसांत सहा सासवांचा जावई झाला. दर खेपेला पाया पडायचा, पोशाख अंगाला लावून आरशात बघायचा आणि बाहेर आल्यावर मूळ मालकाला देऊन पुढच्या सवारीला जायचा.

हे सगळं मोजत होता महेमूद टेलर. दुकानाच्या पायरीवर त्याचं मशीन. साडीला फॉल लावणं, पँट कमी करणं, आणि मधल्या वेळात अख्ख्या मंठ्याची खबर ठेवणं. तिसऱ्या दिवशी त्यानं टेप गळ्यात टाकून आत येऊन सांगितलं, "शेठ, ये कल्याण के दो दिन में छे सासां हो गए. कमर का नाप तो मेरेकू जबानी याद हो गया."

ओमप्रकाशचा हसणारा डोळाही हसायचा थांबला. त्यानं बोर्डावर कागद चिकटवला: "उद्या शेवटचा दिवस." आणि एक परीक्षा काढली. लेकीला एकटीला पुढं घ्यायचं आणि विचारायचं, माहेर कुठलं? सासूचं गाव आणि लेकीचं माहेर जुळलं तर साडी, नाहीतर जय हरी.

परीक्षेचं साखराबाईला माहीत नव्हतं. कागदाचं मात्र संध्याकाळपर्यंत वस्तीवर कळलं. तिनं जालन्याला जावयाला फोन लावला. रामेश्वर जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये आहे. लाल सळई चिमट्यानं ओढायचं काम. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे ठिपके, आणि बोलणं गाईसारखं गरीब.

"पाव्हणं, उद्या मनीषाला घेऊन मंठ्याला या."

"मामी, उद्या ड्युटी हाये. रविवारी येतो ना. खाडा पडला तर—"

"मी बोलावून राह्यले ना? मंग या."

ती म्हणाली म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या गाडीनं रामेश्वर आणि मनीषा उतरले. मनीषा सव्वीस-सत्तावीसची, सावळी, अंगानं बारीक. कुणाशी बोलायच्या आधी साखराबाईकडं बघायची. रामेश्वरला दुपारच्याच गाडीनं परत जायचं होतं, म्हणून साखराबाईनं वाणाचं सगळं टोपलीत सोबतच घेतलं होतं: तांब्याचं ताट, निरांजन, तेहतीस अनारसे. दुकानातून उठायचं, मागच्या महादेवाच्या देवळात वाण द्यायचं, आणि गाडीला लावायचं, असा बेत.

पोशाखाला अर्धा तास लागला. रामेश्वर प्रत्येक शर्टाला "हाच बरा" म्हणत होता, आणि साखराबाई प्रत्येक शर्ट उजेडात नेऊन शिवण ओढून बघत होती. महेमूदनं माप घेतलं. "भाईसाब, ये पहला जावई है जिसका नाप मेरेकू नवा लिखना पड्या," असं तो म्हणाला, आणि साखराबाईनं त्याच्याकडं पहिल्यांदाच मायेनं पाहिलं. पैसे भरले. तिघं माईकच्या गादीपाशी आले.

मी तिथंच होतो. एसी फुकट असतो.

ओमप्रकाशनं मनीषाला पुढं बोलावलं. "ताई, माहेर कुठलं तुमचं?"

पोरीनं सवयीनं साखराबाईकडं पाहिलं, आणि खरं तेच सांगितलं. "परतूरकडचं."

"आं?" ओमप्रकाशनं पेन टोपणात घातलं. "सासू इथल्या, आन लेकीचं माहेर परतूर? बाई, हे जमत न्हाई. सकाळपासून अकरावी केस हाये ही. सख्खी लेक, सख्खा जावई पाहिजे."

"बाई?" साखराबाई म्हणाली. "उद्घाटनाला आत्या व्हते. जिन्यापाशी फोटो हाये."

"आत्या म्हणतो. पण नियम तो नियम."

"वाचा की तुमचा नियम. मला वाचता येत न्हाई, तुमी वाचा. जोरानं वाचा."

त्याला वाचावं लागलं. चाळीस माणसं ऐकत होती.

"सख्खी कुठं आलं त्यात?" साखराबाईनं विचारलं.

"ते समजून घ्यायचं असतं, आत्या."

"माल दाखवायचा एक आन गिऱ्हाइकानं समजायचा दुसरा? आमच्या सरीवर असलं चालत न्हाई. सासू हजर, लेक हजर, जावई हजर. पोशाखाचे पैसे तुमच्या गल्ल्यात. आता पुकारा नाव."

"पण ही तुमची लेक हाये याला काही पुरावा?"

"मी म्हणून राह्यले ना."

"माहेर परतूर सांगून राह्यली ती!"

"तिचं एक माहेर तिकडं, एक माझ्याकडं. एका बाईला दोन माहेरं असू न्हाईत असं लिव्हलंय का बोर्डावर?"

दाराशी महेमूदचं मशीन थांबलं होतं. तो तिथूनच म्हणाला, "शेठ, बोर्डपर नाता लिख्या, खून नै लिख्या." ओमप्रकाशनं त्याच्याकडं असं पाहिलं की मशीन पुन्हा सुरू झालं. कापड नसताना.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकतो. ओमप्रकाशला ती माहीत नव्हती, आणि साखराबाई ती सांगायला तयार नव्हती.

साखराबाईला एकच लेक होती, छकुली. रामेश्वरला तीच दिली होती. त्या धोंड्याच्या सात वर्षांमागं छकुलीला कावीळ झाली आणि दहा दिवसांत ती गेली. वर्ष सरल्यावर रामेश्वरसाठी दुसरी पोरगी पाहायला साखराबाईच गेली. परतूरकडच्या एका वाडीवरून मनीषा पाहून आणली. लग्नात तिच्या गळ्यात चांदीचा टाक स्वतःच्या हातानं बांधला. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती, ही रीत आपल्याकडं जुनी आहे. आणि पहिलीच्या आईबापानं दुसरीला लेक म्हणून घरात घ्यायचं, ही त्याच रितीची दुसरी बाजू. टाक बांधणाऱ्या पुष्कळ. ही दुसरी बाजू मात्र सगळ्यांना निभत नाही. साखराबाईनं निभावली. पंचमीला मुराळी गेला तो मनीषाला आणायला. बाळंतपण झालं ते वस्तीवर.

म्हणजे बघा, एका वाक्यात काम होतं. "माझी लेक गेली, ही जावयाची दुसरी बायको." ओमप्रकाशनं साडी दिलीच असती. वर "अरेरे" म्हणून ब्लाउजपीस दिला असता. पण ते वाक्य चाळीस माणसांत, मनीषा समोर उभी असताना, साखराबाईच्या तोंडून निघणार नव्हतं. साडीचं तिला कौतुक नव्हतं हो. फुकटच्या साड्यांचा गठ्ठा तिनं आल्याआल्या चाचपून "माशा मारायला बरं हाये" म्हणून सोडून दिला होता. तिला तो कर्णा पाहिजे होता. साखराबाईची लेक मनीषा, हे बसस्टँडपर्यंत ऐकू जायला पाहिजे होतं. सहा वर्षांत मनीषाला नात्यागोत्यानं "रामेश्वरची दुसरी" याच नावानं ओळखलं होतं.

रामेश्वरला राहवेना. "मामी, मी सांगतो ना शेठला—"

"पाव्हणं, तुमी गप ऱ्हावा. तुमाला शर्ट झाला, तुमचं काम झालं."

मनीषा तिच्या पदराला धरून हळूच म्हणाली, "माय, चल ना. मला नको साडी."

"तुला कोण इचारतंय? तू लेक हायेस. लेकीनं नुसतं उभं ऱ्हायचं."

ओमप्रकाशला वाटलं, बाई ढिली पडली. तो व्यापाऱ्याच्या मधाळ आवाजात आला. "आत्या, कशाला त्रास? असं करा, ऑफर सोडा. मी माझ्याकडून एक साडी देतो. गरिबाला दिली समजीन."

हे त्यानं बोलायला नको होतं. साखराबाईच्या टोळीतल्या दोघी बाजाराला आल्या होत्या, त्या पटकन एक पाऊल मागं सरकल्या. त्यांना अनुभव होता.

पण साखराबाई ओरडली नाही. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पार कपाळापर्यंत, सासू जावयासमोर ओढते तसा. आवाज एकदम खाली आणला. इतका खाली की मागच्या लोकांनी एकमेकांना गप केलं.

"बेबे," तिनं हाक मारली. बेबीनंदा वरच्या मजल्यावर साड्या दाखवत होती, ती जिन्यावर आली. "बेबे, खाली ये. तांब्याभर पाणी आण माय."

"काय झालं आत्या?"

"काही न्हाई. धोंड्याचा महिना हाये, आन मी येड्यावानी माझ्या गावच्या जावयाच्या दारी येऊन वाण न देता चालले व्हते. पाव्हणं, मोजे काढा. पाय पुढं करा."

ओमप्रकाश गादीवर होता तिथं आक्रसला. "आत्या, हे काय... इथं दुकानात..."

साखराबाईनं टोपलीतून तांब्याचं ताट काढून त्याच्यापुढं ठेवलं. "अनारसे तेहतीसच हायेत. सोळा तुमाला, सतरा ह्या पाव्हण्याला. ते थोरले जावई, एक जास्त चालंल ना? बेबे, पाणी वत. मी धुते."

आता हे बघा. पाय पुढं केले, तर गावच्या नात्याचा जावई हा जावई, असं चाळीस साक्षीदारांसमोर कबूल. पाय मागं घेतले, तर सासुरवाडीचं वाण नाकारलं, तेही धोंड्यात, तेही बेबीनंदा हातात तांब्या घेऊन उभी असताना. मी सत्तर वर्षांत पुष्कळ वकील पाहिलेत. पदर घेतलेला हा पहिलाच.

"आन पाव्हणं," साखराबाई त्याच खालच्या आवाजात पुढं म्हणाली, "जावई तुमी हजर, लेक बेबी हजर, सासू मी हजर. तुमचा पोशाख मी उद्घाटनालाच केला. तवा बेबीची बी एक साडी निंगती बोर्डापरमानं. ती नंतर बघू. का मी तुमची कोणी न्हाई? तसं असंल तर सांगा, जिन्यापासचा फोटो काढून घेऊन जाते. माझा हाये त्यात."

पहिला हसला तो महेमूद. मग लिफ्टपाशी उभी असलेली माणसं. कल्याण रिक्षावाला दारात आला होता, तो म्हणाला, "शेठ, पाय द्या, मी सहा वेळा जावई झालो, काई होत न्हाई." तेव्हा तर दुकानच हललं.

ओमप्रकाशनं घाम पुसला. एसीत. शेवटचा प्रयत्न म्हणून बायकोकडं पाहिलं. बेबीनंदा मात्र त्याच्याकडं बघत नव्हती. गडबडीत मनीषा तिच्या हातातला जड तांब्या घ्यायला वाकली, पोतीच्या मण्यांतून चांदीचा टाक पुढं आला, आणि बेबीनंदानं तो पाहिला. वडीगोद्रीची बाई. तिला काय सांगायचं?

तिनं साखराबाईच्या तोंडाकडं पाहिलं. साखराबाईनं नजर ताटात ठेवली. बेबीनंदानं तांब्या मनीषाच्या हातात दिला, नवऱ्याच्या पुढून माईक उचलला आणि खटका दाबला.

"सासू साखराबाई. लेक मनीषा. जावई रामेश्वर." कर्ण्यातून आवाज बाजारपट्टी ओलांडून गेला. मग ती परत म्हणाली, "साखराबाईची लेक मनीषा, हिला आपल्या दुकानाकडून धोंड्याची साडी."

मनीषानं डोक्यावरचा पदर विनाकारण दोनदा सारखा केला. रामेश्वर छताच्या पंख्याकडं बघत राहिला, जो एसीमुळं बंद होता.

बेबीनंदा वरच्या मजल्यावरची एक चांगली काठाची साडी काढायला निघाली, तर साखराबाईनं तिला थांबवलं. "न्हाई. गठ्ठ्यातली दे. बोर्डाची हाये ती. हिला आवडंल तो रंग." मनीषानं पोपटी काढली. बरी नव्हती ती साडी. पुढच्या सगळ्या सणांना तिनं तीच नेसली, असं ऐकतो.

ओमप्रकाशनं मोजे काढले की नाही? काढले. बाजूच्या खोलीत नेऊन, पडदा ओढून. सोळा अनारसे घेतले, पाया पडला. त्याच्या तोंडात अनारसा असताना साखराबाई त्याला म्हणाली, "पाव्हणं, बेबीची साडी राह्यली." ती वरच्या मजल्यावरची निघाली. बोर्ड दुपारीच उतरला. यंदा परत धोंडा आलाय, तर दुकानावर लिहिलंय, सरसकट पंधरा टक्के सूट. नात्यागोत्याचा शब्द नाही त्यात.

सतरा अनारशांचं वाण देवळात दिलं गेलं. नंतर तिघं बसस्टँडवर आले. गाडी लागलेली होती. मनीषा पिशव्या घेऊन वर चढली. रामेश्वरनं खाली वाकून साखराबाईचे पाय शिवले, आणि तिनं कनवटीची पिशवी सोडून त्याच्या हातावर नोटा ठेवल्या. तो नको नको म्हणत होता. ती काहीतरी बोलली आणि त्यानं नोटा खिशात टाकल्या. हे तिथं चहाला आलेल्या महेमूदनं पाहिलं, टोळीतल्या दोघींनी पाहिलं. कुजबुज निघाली ती इथून. परतूरचं माहेर दुकानात सगळ्यांनी ऐकलेलं होतंच, त्याला नोटा जोडल्या की रोजाचा जावई तयार.

साखराबाईच्या कानावर ते गेलं. तिनं कुणाला काही खुलासा दिला नाही. टोळीतल्या त्या दोघींना तिनं आठवडाभर दूरच्या टोकाच्या सरी दिल्या, एवढंच. महिन्याभरानं माझी तिची बाजारात गाठ पडली तेव्हा मी खडा टाकून पाहिला, "काय साखराबाई, जावयाचा काय भाव चाललाय सध्या?"

"तुमाला घ्यायचा हाये का एखादा?" ती म्हणाली. "तुमच्याकडं टिकायचा न्हाई. तुमी लई बोलता."

मग मी रामेश्वरलाच विचारलं, जालन्याला गेलो होतो तेव्हा, मिलच्या गेटबाहेर. त्यानं सरळ सांगितलं.

साखराबाईनं त्या दिवशी रामेश्वरला पैसे दिले होते, हे खरं आहे. मिलमध्ये त्याचा खाडा पडला होता. तिनं बोलावलं होतं म्हणून त्याचा रोज तिनं भरला. जावई तिचाच होता.